व्याधी, प्रवास आणि सत्याचे मोल

पुणे–बंगळूर महामार्गाने कागल सोडून दक्षिणेस निघाले, म्हणजे दूधगंगा ओलांडल्यावर कोगनोळी लागते. येथे महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतो, असे नकाशा सांगतो. गावची बोली, सोयरीक आणि बाजारहाट मात्र ही रेषा फारशी मानीत नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून या रेषेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा मानस नाही. आम्हांस येथे एका निराळ्याच गोष्टीचे स्मरण करून द्यावयाचे आहे. २०२१ साली करोनाच्या साथीत याच कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाजवळ आरटी-पीसीआर चाचणीचा दाखला मागितला जात असे, आणि तो नसेल तर त्यास माघारी फिरावे लागे. नाक्यावर मालाची झडती होते हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचे होते. देहाची झडती होऊ लागली ही गोष्ट नवी होती. साथ ओसरली, दाखल्याची अट गेली. परंतु ‘निघण्यापूर्वी तुझ्या देहात काय आहे ते सांग’ हा प्रश्न काही गेला नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक वयस्क मनुष्यापुढे तो प्रवासविम्याच्या अर्जात छापील अक्षरांत आजही उभा असतो. या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचे कर्तव्य कोणावर, किती, आणि ते दिल्याबद्दल मनुष्यास किती किंमत मोजावयास लावणे न्याय्य, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार केवळ श्रीमंतांच्या चैनीचा आहे असे कोणी समजू नये. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून आज कोण परदेशी जातो ते पाहावे. शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असतो; पोटास चिमटा घेऊन त्याने मुलाला बंगळुरास शिकविलेले असते, मुलगा पुढे जर्मनीत अथवा अमेरिकेत स्थिरावतो, आणि सुनेच्या बाळंतपणास आईवडिलांनी यावे असे घरात ठरते. गोमंतकात तर हे फार जुने आहे. तारवटी होऊन जहाजावर गेलेल्यांची, आखातात राबणाऱ्यांची, पोर्तुगालात व इंग्लंडात वस्ती केलेल्यांची घरे तेथे गावोगाव आहेत, आणि त्या घरांतील म्हातारी माणसे वर्षा-दोन वर्षांनी मुलांकडे जातात. साठी उलटलेल्या या प्रवाशांपैकी कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाच्या हृदयवाहिनीत जाळी बसविलेली. विम्याच्या भाषेत ही सर्व ‘पूर्वव्याधी’ होय. परदेशात रुग्णालयाचे चार दिवस म्हणजे मुलाच्या कित्येक महिन्यांची मिळकत. म्हणून विमा घ्यावयाचा, आणि विमा घ्यावयाचा म्हणून अर्ज भरावयाचा. अर्ज भरताना शेजारी बसलेला कोणी हितचिंतक हळूच म्हणतो, “मास्तर, तेथे ‘नाही’ लिहा. उगाच हप्ता वाढेल, नाहीतर विमाच नाकारतील.” ज्या मनुष्याने तीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविले, त्याच्यापुढे या वयात असा प्रसंग उभा राहतो.

प्रथम हे पाहू की, जोखमीप्रमाणे किंमत आकारणे मुळातच अनीतीचे आहे काय? आमच्या मते तसे म्हणता येणार नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्यास शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास शेकडा वीस व्याज सांगितले आहे. वाट अधिक धोक्याची तर पैशाचे मोल अधिक, हे तत्त्व आपल्या धर्मशास्त्रकारांस मान्य होते. पुढे पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल गलबतावर चढवून त्याच्यापोटी हुंडी लिहावयाची. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचा पैसा देणे लागे, गलबत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचा पैसा त्याबरोबर बुडे. कर्ज व विमा यांचा हा एकत्र बांधलेला व्यवहार होता आणि जोखीम पाहूनच त्याचा भाव ठरे. तेव्हा धोका अधिक असलेल्याने अधिक वर्गणी द्यावी यात तत्त्वतः विपरीत काही नाही. परंतु गलबत आणि मनुष्य यांत एक भेद आहे. कुजक्या फळ्यांचे गलबत समुद्रात न लोटण्यास मालक मोकळा असतो. मनुष्यास मात्र आहे त्याच देहाने जावे लागते. गलबतासाठी योग्य असलेले गणित देहास जसेच्या तसे लावले, तर हिशेब बरोबर येतो आणि न्याय चुकतो.

विम्याच्या कायद्यात सत्यकथनाचे कर्तव्य इतर करारांपेक्षा कडक आहे. घोडा विकत घेणाऱ्याने घोडा पाहून घ्यावा. विमा देणाऱ्यास मात्र पाहावयास काही मिळत नाही, म्हणून विमा घेणाऱ्याने आपण होऊन सर्व महत्त्वाचे सांगावे, असा हा ‘परम विश्वासा’चा नियम. त्याचे मूळ १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी इंग्लंडात दिलेल्या ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या निवाड्यात शोधले जाते. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याने परकीय हल्ल्याविरुद्ध विमा उतरविला होता, आणि फ्रेंचांनी तो किल्ला घेतला. विमेवाल्याचे म्हणणे असे की, किल्ला दुबळा आहे हे कार्टरने लपविले. हा नियम ज्या खटल्यात घोषित झाला त्यात निकाल मात्र विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला, ही गोष्ट पुष्कळ वेळा विसरली जाते. जे विमेवाल्यास ठाऊक होते, अथवा सहज ठाऊक करून घेता आले असते, ते न सांगण्यात कपट नाही, असे मॅन्सफील्ड यांनी ठरविले. अर्थात परम विश्वास हे दोन्ही बाजूंचे ऋण आहे.

त्या काळी ज्ञान विमा घेणाऱ्यापाशी होते आणि अज्ञान विमेवाल्यापाशी. आज परिस्थिती कितीशी तशी राहिली आहे? विमा कंपनीजवळ वैद्य आहेत, आकडेतज्ज्ञ आहेत, कोणत्या वयात कोणत्या रोगाने कितीजण रुग्णालयात जातात याची कोष्टके आहेत. उलट खेड्यातील वृद्धास आपल्या रोगाचे नावही धड ठाऊक नसते. डॉक्टरांनी ‘सकाळी एक, रात्री एक’ म्हणून दिलेल्या गोळ्या तो इमानाने घेत असतो. त्यांतील एक रक्तातील चरबीसाठी आहे हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. त्यातून आमच्या सीमाभागाचे आणखी एक दैन्य असे की, घरात मराठी, कचेरीत कानडी आणि विम्याचा अर्ज इंग्रजीत. न समजलेल्या प्रश्नाच्या उत्तराखाली त्याने सही केली म्हणजे ‘परम विश्वास’ निर्माण झाला असे मानणे हे कायद्याचे एक कल्पित आहे, आणि ते गरिबाच्या अंगावर उलटते.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे एकत्र वाचण्याजोगे आहेत. पहिला जुलै २००९ चा. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार असताना अर्जात आपली प्रकृती उत्तम असल्याचे सांगणाऱ्या मनुष्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी मागितलेला पैसा नाकारणे योग्य ठरविण्यात आले. शहाण्या विमेवाल्याच्या निर्णयावर जिचा परिणाम होईल अशी प्रत्येक गोष्ट महत्त्वाची, आणि ती सांगितलीच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. दुसरा निवाडा ६ डिसेंबर २०२१ चा, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती नागरत्ना यांचा. तो प्रत्यक्ष प्रवासविम्याविषयीच आहे. नात्यातील लग्नासाठी अमेरिकेस निघालेल्या एका गृहस्थाने आपला मधुमेह सांगून परदेशप्रवासाचा विमा घेतला. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यास घाम फुटला व अशक्तपणा आला; रुग्णालयात हृदयवाहिनीत तीन जाळ्या बसवाव्या लागल्या. कंपनीने पैसा नाकारला. कारण काय, तर चरबी कमी करण्याच्या गोळ्या तो घेत होता हे त्याने लिहिले नव्हते. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीचा नकार बेकायदेशीर ठरविला. अर्जदाराची प्रकृती तपासून, सांगितलेला रोग जाणून कंपनीने एकदा विमा दिला, म्हणजे त्याच रोगाकडे बोट दाखवून मागाहून हात झटकता येणार नाहीत. आणि परदेशात अकस्मात येणाऱ्या दुखण्याची भरपाई हाच ज्या विम्याचा उद्देश, त्याने ते दुखणे आल्यावर पाठ फिरवू नये, असा त्याचा आशय आहे. प्रवास घडला २००९ साली आणि न्याय मिळाला २०२१ साली, हेही वाचकांनी ध्यानी घ्यावे. बारा वर्षे झगडण्याचे बळ किती म्हाताऱ्यांपाशी असते?

या दोन निवाड्यांत विरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. पहिल्यात मोठा रोग दडविला होता. दुसऱ्यात मोठा रोग सांगितला होता आणि त्याच्या उपचाराचा एक तपशील राहिला होता. दडविणे आणि राहून जाणे या दोहोंतील अंतर ओळखणे हेच न्यायबुद्धीचे काम होय.

आता त्या शिक्षकाच्या प्रश्नाकडे वळू. ‘नाही’ लिहावे काय? वकिलीच्या धंद्यात हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ एक युक्तिवादही ठरलेला असतो: कंपनी कोट्यवधी रुपये मिळविते, तिला चार पैशांना फसविले तर पाप कसले? हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. विम्याचा पैसा हा कंपनीच्या तिजोरीत असला तरी तो मुळात सहप्रवाशांच्या वर्गणीचा असतो. जो खोटे लिहून कमी हप्ता भरतो, तो खरे लिहून जास्त हप्ता भरणाऱ्या दुसऱ्या मधुमेह्याच्या खिशात हात घालतो. खोटे बोलणारे वाढले म्हणजे हप्ते वाढतात आणि खरे बोलणाऱ्यांवर अधिकच भार पडतो. शिवाय हे असत्य स्वतःलाही लाभत नाही. ज्या दिवशी विम्याची गरज पडते त्याच दिवशी ते उघडकीस येते, कारण परदेशी डॉक्टरपुढे रोग लपवून चालत नाही. म्हणजे जोवर प्रकृती ठीक तोवर हे खोटे निरुपयोगी, आणि प्रकृती बिघडली की घातक. तेव्हा आमचे उत्तर स्पष्ट आहे: खरे लिहावे, आणि वाढीव हप्ता हा तिकिटाच्या किमतीचाच भाग मानावा. आईवडिलांना बोलावणाऱ्या मुलांनी तर याबाबत संकोचास जागाच ठेवू नये. म्हाताऱ्या माणसाला हजार-दोन हजारांसाठी खोटी सही करावयास लावणे हे पितृसेवेत बसत नाही.

परंतु एवढे सांगून थांबणे म्हणजे अर्धाच न्याय होईल. दुर्बलाकडून सत्य मागावयाचे, तर सत्य बोलणे त्यास परवडेल अशी व्यवस्था असावयास हवी. आज ती कितपत आहे? युरोपातील शेंगेन देशांचा अल्प मुदतीचा व्हिसा हवा असेल तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा २००४ पासून सक्तीचा आहे. विम्याशिवाय प्रवेश नाही. आणि पुष्कळ विमापत्रांत पूर्वव्याधी वगळलेली, अथवा प्राण वाचविण्यापुरत्या तातडीच्या उपचारापर्यंत मर्यादित केलेली असते. परिणाम असा की, हृदयरोग्याच्या हातातील कागद त्यास दारातून आत नेतो, पण ज्या दुखण्याची त्यास खरी भीती त्या दुखण्यात तो कागद उपयोगी पडेलच असे नाही. पाऊस लागला की मिटणारी छत्री विकत घेण्याची सक्ती म्हणावी तशातला हा प्रकार. विमा ही ऐच्छिक वस्तू असेल तर विकणाऱ्याने गिऱ्हाईक निवडावे. पण राज्यसत्ता जेव्हा तिला प्रवेशाची अट बनविते, तेव्हा कंपनीचा नकार हा केवळ दुकानदाराचा नकार राहत नाही. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मेनका गांधी यांच्या खटल्यात मान्य केले. तो हक्क सरकारविरुद्ध आहे, कंपनीविरुद्ध नाही, हे आम्ही जाणतो. तथापि सरकारी अट आणि खासगी नकार या दोन पात्यांच्या कात्रीत जो सापडतो, त्यास हा भेद ऐकवून समाधान कसे व्हावे?

दुसरी गोष्ट काळाची. वार्षिक आरोग्यविम्यात कायदा काळाला क्षमेचा अधिकार देतो. एप्रिल २०२४ पासून आपल्या विमा नियामकाने पूर्वव्याधीसाठी थांबण्याची कमाल मुदत ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली, आणि सलग पाच वर्षे विमा चालू राहिला म्हणजे, सिद्ध झालेली लबाडी सोडता, न सांगितल्याचे कारण दाखवून पैसा नाकारता येणार नाही असे ठरविले. आयुर्विम्यातही २०१५ च्या दुरुस्तीपासून तीन वर्षांनंतर विमापत्रावर आक्षेप घेता येत नाही. तीस दिवसांच्या प्रवासाला ही क्षमा मिळावी कशी? तेथे थांबण्यास वेळ नाही आणि जुने होण्यास अवधी नाही. म्हणून प्रवासविम्यात शिक्षेचे प्रमाण तरी सौम्य असावयास हवे.

याबाबत इंग्लंडने २०१२ साली केलेला ग्राहकविम्याचा कायदा अभ्यासण्याजोगा आहे. ज्या देशात परम विश्वासाचा नियम जन्मला त्याच देशाने सामान्य ग्राहकापुरता तो बदलला. आपण होऊन सर्व काही सांगण्याचे ओझे ग्राहकावरून काढले. विचारलेल्या प्रश्नास वाजवी काळजी घेऊन उत्तर द्यावे एवढेच कर्तव्य ठेवले. काळजी घेऊनही चूक झाली तर पूर्ण भरपाई. निष्काळजीपणा झाला तर प्रमाणशीर भरपाई: समजा, खरे सांगितले असते तर दहा हजारांचा हप्ता पडला असता आणि प्रत्यक्षात सहा हजार भरले, तर मागणीच्या शेकडा साठ मिळावयाचे. मात्र खरे कळले असते तर कंपनीने विमा मुळीच दिला नसता असे ठरले, तर हप्ता परत करून तिला मोकळे होता येते. जाणूनबुजून फसविले तर काहीच मिळू नये. २०२१ पासून तेथे आणखी एक नियम आहे: गंभीर रोग असलेल्या प्रवाशास विमा नाकारणाऱ्या कंपनीने, असे विमे देणाऱ्यांची यादी कोठे मिळते ते त्यास दाखविले पाहिजे. दार लावणाऱ्याने निदान दुसरे दार कोणते ते सांगावे, ही त्यातील सभ्यता आम्हांस फार मोलाची वाटते. अपराध आणि दंड यांचे प्रमाण राखावे हे तत्त्व आपल्या स्मृतिकारांसही परके नव्हते. एका राहिलेल्या गोळीसाठी लाखोंची मागणी समूळ बुडविणे हे कोणत्याच धर्मशास्त्रात बसणार नाही.

येथे कोणी म्हणेल, रोग हा बहुधा मनुष्याच्याच कर्माचा. त्याची झळ इतरांनी का सोसावी? आमच्या भागात राहणाऱ्यास हा प्रश्न सोपा वाटत नाही. निपाणी तंबाखूवर वाढली. तंबाखूच्या वखारीत धूळ गिळीत ज्या बायांनी उभे आयुष्य काढले, त्यांच्या छातीतील धाप हे कोणाचे कर्म? त्यांच्या मजुरीवर मुले शिकली, कित्येक घरे वर आली. अशी एखादी आई सत्तराव्या वर्षी नातवाचे तोंड पाहण्यास निघाली, तर अर्जातील ‘जुना श्वसनविकार’ या दोन शब्दांत तिच्या श्रमांचा सारा इतिहास मावतो, आणि त्याबद्दल तिला पुन्हा दंड भरावयाचा. कोणता रोग कर्माचा, कोणता वंशाचा आणि कोणता श्रमाचा, याचा निवाडा करणारे न्यायालय कोठेही नाही. म्हणूनच त्या निवाड्यावर वर्गणीची वाटणी आधारू नये.

म्हणून ज्यांत पूर्वव्याधीचा प्रश्नच विचारला जात नाही अशा योजनांचे महत्त्व आम्ही मानतो. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत जुने रोग पहिल्या दिवसापासून धरले जातात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी उलटलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने त्यास हरकत घेतली आणि रोग्याच्या खाटेवरून दोन राज्यांचा वाद पेटला. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की, आजारी मनुष्य कोणत्या राज्याचा हे ठरेपर्यंत आजार थांबत नाही. या योजना देशाच्या हद्दीपर्यंतच चालतात; समुद्रापलीकडे मनुष्य पुन्हा बाजाराच्या हवाली होतो. तेथे निदान एक पायाभूत संरक्षण असावे: जुन्या रोगाने उद्भवलेल्या प्राणघातक प्रसंगी उपचार, आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च. हे प्रत्येक प्रवासविम्यात, रोग न विचारता, थोड्या समान वर्गणीने अंतर्भूत करावे. त्याचा भार निरोगी प्रवाशावर थोडासा पडेल हे खरे. परंतु आजचा निरोगी हा उद्याचा पूर्वव्याधिग्रस्तच होय. वय कोणास चुकले आहे?

तात्पर्य असे: विमा घेणाऱ्याने सत्य सांगावे, कारण तो सहप्रवाशांचा पैसा आहे. विमा देणाऱ्याने प्रश्न अर्जदाराच्या भाषेत, नेमके व समजतील असे विचारावे, आणि विचारले नाही ते मागाहून उकरू नये. चूक आणि लबाडी यांना कायद्याने एकच शिक्षा देऊ नये. आणि ज्या राज्यसत्ता विम्याशिवाय दार उघडीत नाहीत, त्यांनी तो विमा रोग्यासही मिळेल हे पाहावे. ही चार कर्तव्ये एकमेकांस बांधलेली आहेत. पहिल्याचा आग्रह धरून उरलेली तिन्ही विसरणे म्हणजे सत्याचा भार केवळ दुर्बलाच्या खांद्यावर टाकणे होय. त्या वृद्ध शिक्षकाने आपला रक्तदाब, आपला मधुमेह, आपल्या गोळ्या अर्जात निर्भयपणे लिहाव्यात, आणि लिहिल्यानंतर त्यास आपल्या प्रामाणिकपणाचा पश्चात्ताप होऊ नये, एवढी व्यवस्था समाजास करता आली पाहिजे. ती होईपर्यंत त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करण्याचा आपला अधिकार अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.